आज कोन टाकनार?

ऐरोलीच्या ज्या ऑफिसात मी नोकरी करते, तिथे आम्ही अमेरिकेतल्या बेसबॉलच्या सामन्यांविषयी लिहितो. तेही सामना व्हायच्या आधी. आमच्यापैकी एकानेही बेसबॉलचा चेंडू कधी हातात धरलेला नाही. प्रत्येकाला एकेक संघ वाटून दिलेला असतो. माझ्या वाट्याला आलेला संघ ज्या शहरातला आहे, तिथे मी गेलेले नाही आणि जाईन असं वाटतही नाही, तरी त्या संघाच्या कुठल्या खेळाडूचा गुडघा दुखतोय हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. घरच्यांच्या गुडघ्यांचं एवढं माहीत नसतं.

तिकडे संध्याकाळी सामना म्हणजे इकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ. त्यामुळे आमचा मजकूर इथल्या संध्याकाळपर्यंत गेला की भागतं. लिहायचं असतं ते मुख्यतः पिचरविषयी. पिचर म्हणजे आपल्या भाषेत बॉलर. पण क्रिकेटसारखे पाच-सहा जण आलटून पालटून टाकत नाहीत. सुरुवातीला एकच उभा राहतो आणि दमेपर्यंत तोच टाकतो. रोज वेगळा पिचर, म्हणून रोज नवा मजकूर. आजचा पिचर डावखुरा की उजवा, गेल्या वेळी त्याने कसं टाकलं, समोरच्यांना तो जड जातो की हलका, एवढं जुळवलं की पोटापाण्याचं काम झालं.

त्या मे महिन्यात माझ्या संघाची बॅट बंद पडली. एक-दोन सामने असं होतं, पण इथे आठवडे चालले होते. चांगले चांगले लोक दांडकं हवेत फिरवून परत जात. मी रोज तेच वेगळ्या शब्दांत लिहायची. सूर हरपला, लय सापडत नाही, नशिबाची साथ नाही. शब्द संपले तेव्हा पहिल्यापासून सुरुवात केली, कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्याकडे एक नियम आहे. संघ हरणार असं कधी लिहायचं नाही. वाचणारा तिकडचा चाहता असतो, त्याला शेवटच्या परिच्छेदात आशा लागते. मी ती रोज नेमाने घालायची, आमटीत मीठ घालावं तशी. स्वतः चाखून बघायचं काही कारण नव्हतं. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आमचं घर ऐरोलीजवळच्या गावात. पूर्वी शेती होती, आता चार मजले आहेत. वरचे भाडेकरूंना, पहिला आमचा. होळीनंतर बाबांना पॅरालिसिसचा झटका आला. पाय महिनाभरात सुधारला, जिभेला तर काही झालंच नव्हतं. उजवा हात मात्र मांडीवर पडून राहिला. आणि जीभ शाबूत असूनही बाबांनी बोलणं टाकलं.

तो हात साधा नव्हता. टेनिस बॉलच्या स्पर्धांत या पट्ट्यातल्या गावांना तो हात माहीत होता. जिथे आता टॉवर आहेत तिथे तेव्हा मैदान होतं, आणि शेवटच्या ओव्हरी बाबांसाठी राखून ठेवलेल्या असत. आमच्या स्वयंपाकघरातला मिक्सर त्यांना बेस्ट बॉलर म्हणून मिळालेला आहे. दोनदा दुरुस्त केला, पण आई नवा घेऊ देत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, हात येईल किंवा येणार नाही, आत्ता सांगता येत नाही. बाबांनी त्यातलं फक्त पहिलं ऐकलं. हात येईपर्यंत थांबायचं असं त्यांनी ठरवून टाकलं. थांबायचं म्हणजे सगळ्याच बाबतीत. डाव्या हाताने जेवा, असं आई म्हणाली तर त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने पुन्हा विषय काढला नाही. डावा हात कशासाठी असतो ते आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक असतं. त्या हाताने पानाला शिवायचं नाही. चमचा दिला तर तोही डाव्याच हातात धरायचा, म्हणजे तेच. मग आई भरवायची. पूर्वी चार जणांचं जेवण एकटे जेवणारे बाबा चार घास घेऊन तोंड मिटायचे. लाज वाटायची त्यांना. भरवून घ्यायची लाज आणि डाव्या हाताचीही लाज, या दोन्हींच्या मधे ते वाळत चालले होते. सदरे खांद्यावरून ओघळायला लागले. हाताचं नंतर बघू, आधी पोटात अन्न जाऊ द्या, नाहीतर पुन्हा दाखल करावं लागेल, असं डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं. तिने ते मला सांगितलं. मी बरं म्हटलं.

आठवड्यातले निम्मे दिवस मी घरून काम करायची. दुपारी समोर हे चाललेलं असायचं. आई पाटावर बसून भात कालवायची, मासळीचे काटे काढायची, हात पुढे करायची.

"अजून एक घास घ्या. नंतर औषध हाय."

बाबा मान फिरवायचे. मग ती त्यांचं तोंड पुसायची, औषध द्यायची, त्यांना टेकवायची, आणि गार झालेला आपला भात घेऊन ओट्याशी उभ्याने जेवायची. मी लॅपटॉपवरून नजर उचलून बघायची आणि पुन्हा खाली घालायची. वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

अशाच एका दुपारी बाबा म्हणाले, "काय लिवतंस?"

इतक्या दिवसांनी आवाज ऐकला म्हणून मी दचकलेच. बेसबॉल म्हणजे काय, पिचर म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग आज कोन टाकनार?"

"आज समोरून डावखुरा आहे."

"डावरा? मंग तुमची पोरा खलास. डावऱ्याचा बॉल कुठून येतो तेच कलत नाय."

झालंही तसंच. माझ्या संघाला त्याने उभं राहू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी निकाल सांगितला तेव्हा बाबा नुसतं हुं म्हणाले, पण जरा खूश दिसले. त्यानंतर मी घरी असले की दुपारी प्रश्न ठरलेला. आज कोन टाकनार? मी सांगायची, ते विचार करायचे. जेवण मात्र चार घासांच्या पुढे गेलं नाही. आई म्हणायची, तुझ्याशी तरी बोलतात, तूच सांग ना जरा. मी सांगितलं नाही. काय सांगणार?

एकदा माझ्या संघाचा सगळ्यात चांगला पिचर टाकायला उतरणार होता. उजवा, उंच, पण सामन्याच्या मध्यावर दमणारा. मी ते बाबांना सांगितलं.  ते म्हणाले, "चांगल्या बॉलरला सगला आदीच टाकवायचा नसतो, बाय. मधी त्याला बाजूला उभा करायचा. पानी पाजायचा. आनि शेवटाला परत आनायचा. मना तसाच आनायचे."

आजारपणानंतरचं त्यांचं ते सगळ्यात लांब बोलणं होतं. मला ते पटलंही. यात न पटण्यासारखं काय होतं? गल्लीतलं पोर असो की देशाचा कप्तान, इथे सगळे हेच करतात. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं: त्याला मधे विश्रांती द्यावी आणि निर्णायक क्षणी पुन्हा चेंडू सोपवावा. शेवटचा परिच्छेद त्यावरच संपवला. त्या दिवशीची आशा पहिल्यांदाच कुठून तरी आलेली होती. मी ती बनवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी टीम लीडचा फोन. हा साताऱ्याकडचा, एरवी शांत माणूस.

"काय गं, हे काय लिहिलंयस? पुन्हा चेंडू सोपवावा?"

"का? काय झालं?"

"अगं, बेसबॉलमधे एकदा बाहेर काढला की तो गेला. त्या मॅचमधे परत येत नाही. नियमच आहे. इतके दिवस लिहितेस आणि एवढं माहीत नाही? तिकडचा संपादक विचारतोय, तुमच्याकडे मशीनकडून लिहून घेता का म्हणून. मी म्हटलं, मशीन अशी चूक करणार नाही. ही आपलीच, क्रिकेटवाल्यांची."

मी सॉरी म्हटलं. इतके दिवस रोज बाहेर गेलेल्या पिचरविषयी लिहीत होते, पण तो परत का येत नाही असा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. येत असेल कधीतरी, असं मी धरून चालले होते. फोन ठेवला तेव्हा नोकरीची भीती वाटली नाही. डोक्यात एवढंच आलं की दुपारी बाबा विचारणार, आणि त्यांना हे सांगायचं कसं?

दुपारी विचारलंच. आई भात कालवत होती. "मंग? शेवटाला आनला का त्याला?"

हो आणला, असं म्हणता आलं असतं. रोज आशा घालायची मला सवय होती, आणखी एका दुपारपुरती घालायला काय जड होतं? पण आई हात पुढे करून बसली होती, बाबांच्या गळ्याची हाडं दिसत होती, आणि मला ते जमेना.

"नाही आणला. त्यांच्याकडे चालत नाही. एकदा बाहेर काढला की परत येत नाही."

"किती पन चांगला असला तरी?"

"तरी."

आईने माझ्याकडे बघितलं. तिला खेळातलं काही कळत नाही, पण मी काय बोलून बसले ते तिला माझ्या आधी कळलं असावं. तिचा हात तसाच राहिला.

बाबांनी मांडीवरच्या उजव्या हाताकडे पाहिलं.  आता रागावतील म्हणून मी वाट बघत होते.

"मंग त्याचे जागेवर?"

"दुसरा येतो."

"कोन आला?"

"डावखुरा आला."

"कसा टाकला?"

"सुरुवातीला इकडेतिकडे पडले. मग बरा टाकला. संघ हरलाच, पण त्याच्यामुळे नाही. बॅटच चालत नाही ना."

बाबा हुं म्हणाले. मग आईला म्हणाले, "ताट हिकरं सरकव."

तिला वाटलं, नको म्हणतायत. ती ताट उचलायला लागली. "नेव नको. हिकरं," असं म्हणून त्यांनी डावा हात भातात घातला. घास वळेना. बोटांना सवयच नव्हती, निम्मा भात सदऱ्यावर पडला. त्यांनी सदऱ्यावरचं तसंच राहू दिलं आणि पुन्हा हात घातला. दुसरा घास तोंडापर्यंत गेला. तोंड वाकडं करून, कुणाचं तरी उष्टं खावं तसा त्यांनी तो गिळला. मग तिसरा घेतला.

आई उठली. गावात आमचं दार दिवसभर सताड उघडं असतं, भाडेकरू जाता-येता डोकावतात. तिने ते लावून घेतलं, आतून कडी घातली. परत आली, बसली आणि दुसऱ्या मासळीचे काटे काढून त्यांच्या ताटात ठेवत गेली. बाबांनी मान वर केली नाही.

"मासा अजून हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय की."

"मंग तू पन बस ना. उभी नको ऱ्हाव."

मला वाटलं, आता मला रडू येईल. आलं नाही. भूक लागली, कितीतरी दिवसांनी सणकून. आज कोण टाकणार ते लिहायचं अजून बाकी होतं. मी लॅपटॉप मिटला आणि दोन ताटं घेतली. आईच्या ताटात मी भात वाढला तेव्हा त्यातून वाफ निघत होती. ती जेवायला लागली. होळीनंतर तिने पहिल्यांदाच गरम भात खाल्ला.