टाळूचा वास

गल्लीत तिला सगळे चीकवाली म्हणत. शहराबाहेरच्या रानात भुलझाडं होती. त्यांच्या सालीला चीर दिली की राखाडी चीक गळायचा. होडीच्या तळाला तो फासला की लाकूड कुजत नसे, म्हणून त्याला मागणी. आणि विषारी इतका, की त्याची वाफ छातीत भरली तर धडधाकट माणूस उभ्याचा आडवा व्हायचा.

या विषाची खोड मात्र निराळी होती. त्याला स्वतःचा वासच नव्हता. ज्याला जे सगळ्यात लाडकं, त्याचा वास त्याच्या नाकाला यायचा. चीकवालीच्या कामावरच्या जोडीदाराला कोऱ्या बुटांचा वास यायचा, म्हणून त्याचं नावच ‘बूट’ पडलं. आपला वास येत नाही हे कळल्यावर त्याची बायको कितीतरी दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

चीकवालीला यायचा तान्ह्या बाळाच्या टाळूचा वास. तिच्या लेकीचा. नवरा गेला तेव्हा लेक अंगावर पीत होती. तिला शेजारणीकडे ठेवून ही रानात जाऊ लागली. तिथे पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट हाडात मुरवली जायची: जीव सुखावला की श्वास रोखायचा, हातातलं टाकायचं आणि पळत सुटायचं. विचार करत थांबलेली माणसं तिने स्वतः उचलून आणली होती. उभा जन्म ती बिचारी त्या वासापासून पळत आली.

मग लेकीला मुलगी झाली. चीकवालीने अंग घासून घासून लाल केलं, स्वच्छ कपडे घातले आणि हात पुढे केले. लेकीने बाळ दिलं. आजी कौतुकाने वाकली, वास आला, आणि दुसऱ्या क्षणी हातातलं टाकून ती दाराबाहेर होती. खाली गादी होती म्हणून बाळ वाचलं.

"वेड लागलंय का आई तुला?" लेक ओरडली.

"मी नाही गं टाकलं. हात सुटले."

"मलाही असंच टाकलंस ना? शेजारच्या मावशीनेच वाढवलं मला."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी पलंगाची कड धरून बसू लागली. लेक बाळ मांडीवर घेई, ही हळूच वाके, दचकून मागे सरे, पुन्हा वाके. लेक आधी घुश्शात असायची, मग हसू लागली. असं होता होता एका संध्याकाळी नात तिच्या छातीवर झोपली आणि चीकवाली तिथेच, त्या वासात, शांतपणे श्वास घेत पडून राहिली. आता मरण आलं तरी चालेल, असं तिला वाटलं. लेकीने तोंड फिरवून बाहीने डोळे पुसले.

तेव्हाच काम सोडायला हवं होतं. पण हंगाम संपतच आला होता. तेवढा उरकून घेऊ, म्हणून ती गेली. दुपारी वारा पडला. तिने चीर दिली आणि वास आला. पाय हललेच नाहीत. उलट रोजच्या सवयीने ती हसून आणखी जवळ वाकली.

"अगं बये, पळ!" बूट लांबून ओरडला. शेवटी श्वास रोखून तोच धावत आला आणि त्याने तिला फरफटत बाहेर काढलं.

जीव वाचला. छाती सुधारेल, वैद्य म्हणाला, पण नाकाला वास येणं गेलं ते कायमचं. ही गोष्ट तिने लेकीला सांगितली नाही.

ती उठून बसू लागली तेव्हा लेकीने आपण होऊन बाळ तिच्या हातात दिलं. "घे आई. आता कुठे जायचं नाही तुला."

तिने टाळूवर नाक टेकलं. हात सुटले नाहीत. तिने खोल श्वास घेतला, मग आणखी एक.

"येतोय ना वास?" लेकीने कौतुकाने विचारलं.

"येतोय की," ती म्हणाली आणि नातीला घट्ट धरून पुन्हा पुन्हा श्वास ओढत राहिली.