विस्कटलेले केस

आमचा दादा चित्रकार आहे, पण त्याच्याकडे बघून घड्याळ लावून घ्यावं असा. शेजारचे बँकवाले काका कामाला निघायच्या आत हा आंघोळ करून, भांग पाडून, इस्त्रीचा शर्ट घालून चित्राला बसलेला असतो. "मूड लागला का?" असं कुणी विचारलं की त्याचं डोकं फिरतं. "तुम्हाला दात घासायला मूड लागतो का?"

मागच्या महिन्यात एका मासिकाचा फोटोग्राफर आला. खोली बघून त्याचा चेहराच पडला. "ही कलाकाराची खोली वाटतच नाही!" मग त्या मेल्याने ओळीने लावलेल्या रंगाच्या ट्यूब जमिनीवर पसरल्या, दादाचे केस विस्कटले आणि त्याला खिडकीशी शून्यात बघत उभं केलं. दादा दातओठ खात उभा राहिला. चित्रं छापून यायला हवी होती ना! सगळी सकाळ त्यातच गेली.

अंक आला. चित्रांचा पत्ताच नाही. पानभर नुसता दादा आणि खाली ओळ: 'वेळेचं भान हरपलेला कलावंत.'

आईने ते पान फ्रेम करून नेमकं दादाच्या टेबलासमोर लावलं. "बघ," ती कौतुकाने म्हणाली, "आता कुठे तू चित्रकार दिसतोस."