साहेब गाडीत नाही, पाटी झाका

अपमान माझ्या बापाचा झाला. लष्करात बावीस वर्षं गाडी चालवलेल्या निवृत्त हवालदाराचा. गेल्या ऑगस्टमधल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेदहा वाजता, दिल्लीत द्वारकेतल्या आमच्या सोसायटीच्या गेटसमोर. चाळीसेक माणसं उभी होती. त्यांत मीही होते. आणि मी गप्प होते. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शूर समजणार नाही.

माजी सैनिकांसाठी सरकार वेगळी नंबरप्लेट देत नाही. नंबरप्लेटवर नंबराशिवाय काही लिहायलाच बंदी आहे. पण दिल्लीत गाडीवर 'आर्मी' लिहून मिरवायची हौस दांडगी. म्हणून आमच्या सेक्रेटरीनं वाट काढली. नंबराच्या खाली लावायची दुसरी पाटी. लाल पत्रा, सोनेरी अक्षरं: 'पूर्व सैनिक'. पाटीवाल्याला गेटजवळचं सावलीतलं पार्किंग. वर गार्डचा सॅल्यूट.

सहा जणांनी फॉर्म भरले. सातवा बाबांनी भरला. डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स जोडली. आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. मागच्या ब्लॉकमधल्या दोन खोल्यांत राहतो. दारावर धम्मचक्राचं निळं स्टिकर आहे. या सोसायटीत बाबांना कुणी नावानं हाक मारत नाही. 'ड्राइवर साहब' म्हणतात. मागे 'साहब' चिकटवलं की अपमान होत नाही, अशी यांची समजूत.

शनिवारी सेक्रेटरीचा फोन आला. "कल साढ़े नौ बजे गेट पर आ जाइए। पेचकस लेते आइएगा।"

पेचकस म्हणजे स्क्रू ड्रायव्हर. बाबांना वाटलं, ज्याची त्यानं पाटी लावायची असेल. रविवारी पहाटेच उठून त्यांनी आमची जुनी ऑल्टो धुतली. शर्टाला कडक इस्त्री केली. आणि खिशात सात कव्हरं घातली.

कव्हरांचं सांगायला हवं. बाबा ब्रिगेडियरची गाडी चालवायचे. तिच्यावर ताऱ्याची पाटी असते. साहेब आत बसला की पाटी उघडी. साहेब उतरला की ड्रायव्हरनं खाली उतरून तिच्यावर कव्हर चढवायचं. गाडी भाजी आणायला गेली तरी कव्हर. आत मेमसाहेब बसली तरी कव्हर. पाटी गाडीची नसते, माणसाची असते. बाबांच्या हातांना हीच सवय. म्हणून जुन्या किटबॅगचं हिरवं कापड उसवून त्यांनी आईच्या मशीनवर सात कव्हरं शिवली. सहा इतरांना भेट. सातवं आपलं.

आई म्हणाली, "अहो, कुणी मागितलीत का?"

"मागायचं काय त्यात? पाटी आली की कव्हर आलंच ना!"

गेटसमोर सहा गाड्या रांगेत होत्या. टेबलावर पाट्या. सेक्रेटरीनं त्या उचलून सरळ बाबांच्या हातात दिल्या. "आपका तो हाथ बैठा हुआ है। फटाफट लगा दीजिए।"

बाबा गुडघ्यावर बसले. एक गाडी, दुसरी गाडी. लोक फोटो काढत होते. बाबा मध्ये आले की लोक म्हणायचे, "अंकल, थोड़ा साइड।" बाबा साइडला सरकायचे. पॅंटचे गुडघे काळे झाले. पाटी लागली की मालकाच्या हातात एकेक कव्हर द्यायचे. कुणी ते बॉनेटवर टाकलं, कुणी त्यानं हात पुसले.

सहावी गाडी खुद्द सेक्रेटरीची. हा माणूस एक दिवस फौजेत नव्हता. सासरे मेजर होते. ते कधीच वारले. त्यांच्या नावावर यानं पाटी घेतली. बाबांनी पाटी लावली, उभे राहिले, काचेतून आत बघितलं. स्टिअरिंगवर सेक्रेटरीचा मुलगा. मागे बायको. बाबांनी खिशातून कव्हर काढलं आणि व्यवस्थित चढवलं.

टोमणा नव्हता हो. बापाचा चेहरा मला कळतो. हाताला सवय होती, हातानं केलं.

"ये क्या टोपी पहना दी?"

"साब, गाड़ी में फौजी नहीं बैठा है। तो कवर रहता है।"

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी दोघं. एक रिटायर्ड कर्नलही मिशीत हसले. सेक्रेटरी लालबुंद.

"ड्राइवर थे आप। ड्राइवर! ये अफसरों का सम्मान है। आप लोगों को फ्लैट कोटे में मिल गया, अब इज़्ज़त भी कोटे में चाहिए? उतारिए इसे।"

आप लोगों को. बघा, एवढ्यात सगळं आलं.

बाबांच्या टाचा जुळल्या. "जी साब। सॉरी साब।" कव्हर उतरवलं. चार घड्या घालून खिशात ठेवलं. मग हळूच विचारलं, "साब, मेरी प्लेट?"

"छह ही बनी हैं।"

कर्नलसाहेब मघाशी हसत होते. आता झाडाकडे बघत होते.

आमच्या संघटनेच्या मोर्चात घोषणा द्यायला माझा गळा लगेच उघडतो. तिथे पोलिसांच्या तोंडावर ओरडते मी. इथे एवढंच निघालं: "बाबा, चला घरी."

मंगळवारी सोसायटीचं पत्र आलं. लेखी माफीनामा द्या, नाहीतर पार्किंगचं स्टिकर रद्द. बाबांनी चष्मा लावून रेघी कागदावर माफी लिहिली आणि माझ्यापुढे ठेवली. "बेटा, तुझं हिंदी टायपिंग चांगलं आहे. नीट काढून दे."

संघटनेची सगळी पत्रकं मीच टाइप करते. बसले. 'मुझसे गलती हुई' एवढं टाइप केलं. मग ते तीन शब्द खोडले.

"मी नाही करणार, बाबा."

"का? चूक झाली की माफी मागायची. त्यात काय एवढं?"

"कुठली चूक? मला चूक सांगा तुमची."

बाबांनी खरंच विचार केला. प्रामाणिकपणे. मग म्हणाले, "सातवं शिवायला नको होतं."

हे ऐकलं आणि माझ्या आत काहीतरी कायमचं बंद झालं. माझ्या बापाला पाटी नाकारली, तेवढ्यानं भागलं नव्हतं. ती मागितली हीच चूक, असं त्याच्याकडूनच वदवून घेतलं होतं. माफी मी फाडली. दुसरा कागद टाइप केला. काय घडलं, कोण काय बोललं, फक्त तेवढं. एकही विशेषण नाही. खाली माझी सही, फ्लॅट नंबर. प्रत्येक लेटरबॉक्समध्ये टाकला. नोटीस बोर्डावर चिकटवला.

बाबा चिडले. "माझी गोष्ट मला न विचारता वाटलीस?" तेही खरं. आठ दिवस बोलले नाहीत. स्टिकर रद्द झालं. ऑल्टो आता बाहेर, नाल्याच्या भिंतीला उभी असते. माफी कुणी मागितली नाही. सातवं कव्हर माझ्या पिशवीत आहे. सिग्नलला अशी पाटी दिसली की मी काचेवर टकटक करते. विचारते, "गाड़ी में फौजी कौन है?" शिव्या खाते. खाईन. विचारणं थांबवणार नाही.

आता तुम्ही. तुमच्या गाडीवर अशी पाटी आहे का? सासऱ्याची, काकाची, मित्राच्या बापाची? तो माणूस आत बसलेला नसेल तर आज खाली उतरा आणि पाटी झाका. झाकायची लाज वाटत असेल तर काढून टाका. पेचकस स्वतः धरा. गुडघ्यावर स्वतः बसा.

माझ्या बापाला बोलावू नका.