वाटीभर वरण

"काल घरी भाजी कोणी आणली?"

आमच्या कारखान्यात पगारवाढीच्या कराराची बोलणी दर वेळी या प्रश्नाने सुरू व्हायची. विचारणारे म्हणजे कामगारांचे पुढारी. नाशिकची सगळी अंबड एमआयडीसी त्यांना अण्णाच म्हणायची. साहेब लोक एकमेकांकडे बघत बसायचे. मी एचआरमध्ये, म्हणजे टेबलाच्या साहेबांच्या बाजूला. पण हसू मलाही आवरायचं नाही.

तुम्हाला वाटेल, अण्णांना बाजारभाव तोंडपाठ असतील. छे! मेथीच्या जुडीचा भाव ते बेधडक ठोकून द्यायचे आणि चहा घेऊन आलेल्या कँटीनच्या मावशी तिथल्या तिथे म्हणायच्या, "काय अण्णा, कोणत्या जमान्यात हाय तुम्ही?" की अण्णा लगेच साहेबांकडे वळायचे. "बघा, मी म्हनलो त्याच्याबी वर गेली!" स्वतःची चूक अशी कामाला लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

टेबलावर मी 'मॅडम' असायचे, बाहेर पडले की 'ताई'. मॅडमशी ते हमरीतुमरीवर यायचे आणि ताईला गावाकडची द्राक्षं आणून द्यायचे.

एका कराराच्या वेळी कंपनीने नवीनच टूम काढली. कँटीनचं जेवण बंद करायचं आणि त्याबदली दरमहा ठरावीक रोख भत्ता द्यायचा. तरुण कामगार खूश झाले. तेच ते वरण खाऊन ते कंटाळले होते, शिवाय गाड्यांचे हप्ते होतेच. अण्णांनी मात्र साफ नकार दिला. गेटवरच्या सभेत पोरांनी त्यांना बोलूच दिलं नाही. एकाने तर तोंडावर सुनावलं, "अण्णा, बास झालं! आमचा पैसा आमच्या हातात येऊ द्या." कँटीनही जाणार आणि अण्णांचं पुढारीपणही, अशी चिन्हं होती.

दुसऱ्या दिवशी अण्णा त्याच पोरांजवळ जाऊन बसले. "रोख आजच्या भावानं ठरती. भाव पुढं जातो, रोख तिथंच बसती. वरणाची वाटी मात्र कधीबी भरलेलीच. पटत नाय ना? मग आठवडाभर त्या भत्त्यात बाहेर जेवून दाखवा. मी बी येतो."

सोमवारी गेटबाहेरच्या टपरीवर मिसळ, जादा पाव, वर ताक असा थाट झाला. बुधवारी पोरं वडापाववर आली. गुरुवारी टपरीवाल्याने गॅस महागला म्हणून मिसळीचा भाव वाढवला, तेव्हा अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारून इतके हसले की तो बिचारा घाबरला. शुक्रवारी सगळे गुपचूप कँटीनच्या रांगेत उभे. सर्वांत मागे अण्णा. कँटीन वाचलं. पगार कंपनीचा घेत असूनही मला मनापासून आनंद झाला.

पुढे अण्णा निवृत्त झाले. पेन्शनचे कागद माझ्याच हातून गेले. आकडा बघून मला वाईट वाटलं.

"अण्णा, ही पेन्शन महागाईबरोबर वाढत नाही हो."

"ठाऊक हाय, ताई. सगळ्यांचे करार केले, ह्यो एक राहून गेला," म्हणत ते हसले. मला हसता आलं नाही.

त्यानंतरच्या करारात कामगारांची पहिली मागणी होती, निवृत्त कामगार आणि त्याच्या बायकोला कँटीनमध्ये कामगारांच्याच सवलतीच्या दरात जेवण. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या. तेव्हा सभेत अण्णांना गप्प करणारा तोच मुलगा उठून म्हणाला, "पेन्शन सरकार ठरवतं, ती तुमच्या हातात नाय, सर. जेवण तर हाय?" मागणी मान्य झाली.

पहिल्या दिवशी अण्णा काकूंना घेऊन आले. काकूंनी वरणाची चव घेतली आणि नवऱ्याकडे रोखून पाहिलं. "ह्याच्यापायी भांडत होते व्हय इतकी वर्षं?" अख्खं कँटीन हसलं. सर्वांत मोठ्याने अण्णा.

अण्णांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण फार येते, विशेषतः भाजी घेताना. काकू अजून जेवायला येतात. वरणाला नावं ठेवणं काही थांबेना, तेव्हा एका गुरुवारी मावशींनी त्यांना सरळ आत बोलावून पळी हातात दिली. तेव्हापासून दर गुरुवारी फोडणी काकूंची.

परवा नवे साहेब माझ्या शेजारी जेवायला बसले होते. "आज वरण कोणी केलंय?" त्यांनी विचारलं.

"अण्णांच्या बायकोने."

त्यांनी अण्णांना कधी पाहिलंही नव्हतं. ते वाटी घेऊन उठले आणि पुन्हा रांगेत जाऊन उभे राहिले.