आधी आपल्या नातीची कबर

...ते राहू दे सोफे, माझ्या लग्नाचं मागून लिहू. आधी हेडलीचं लिही. आपला शेजारी हेडली टक, चर्चच्या आवारातलं गवत कापणारा. त्याला हे काम कुणी दिलं नव्हतं गं. बायको गेली, एनिड. तिच्या कबरीवरचं गवत कापता कापता हा बाजूच्यांचंही कापायला लागला, आणि मग सगळं आवारच अंगावर घेतलं. ते जुने कलंडलेले दगड आहेत ना, शेवाळ चढलेले, नावं पुसलेले, त्यांच्यामधून यंत्र जात नाही. तिथं गुडघ्यावर बसून कात्री चालवायचा. "सरक गं म्हातारे," म्हणायचा दगडाला.

मी भिंतीवरून विचारायचे, "हेडली, जिवंत माणसांशी कधी बोलणार रे?"

"तू गप्प बसलीस की, आयव्ही."

खरं सांगते, बोलायचं त्याला जमायचंच नाही. एनिड गेली त्या दिवशी पोरीला, लोर्नाला, जवळसुद्धा घेतलं नाही त्यानं. तिच्या सायकलचं पंक्चर काढत बसला. त्याची माया अशी, हातातून यायची.

मग लोर्नाची जेमा गेली. सहा वर्षांची पोर, मेंदूला ताप चढला आणि दोन दिवसांत खेळ संपला. आजीच्या शेजारी ठेवली तिला, यू नावाच्या त्या जुन्या झाडाखाली. लोर्नानं कबरीवर रंगीत भिंगऱ्या खोचल्या, चिनी मातीचा ससा ठेवला, भोवती पांढरे खडे लावले. वारा सुटला की भिंगऱ्यांची भिरभिर माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायची.

तिचं बघून बाकीचेही ठेवायला लागले. कुणी बुटका दाढीवाला पुतळा, कुणी फुटबॉलचा मफलर. डॉट पेगनं तर नवऱ्याच्या कबरीवर बिअरची बाटली ठेवली. मग काय, कमिटीतल्या क्रॉलीबाई भडकल्या. "आठशे वर्षांचं चर्च आहे हे, जत्रेतलं दुकान नाही!" दारावर कागद लागला. ईस्टरच्या आत फुलं सोडून सगळं उचला. आणि उचलायचं कुणी? गवत कापतो त्यानं.

मी म्हटलं, "लोर्नाला सांगितलंस का?"

"नियम सगळ्यांना सारखा. आधी माझ्या घरचं उचललं, की कुणाला बोट दाखवायला जागा नाही."

"अरे पण तिला सांग आधी!"

"सांगतो."

कसला सांगतोय! शनिवारी ढकलगाडी घेऊन गेला आणि सगळ्यात पहिली जेमाची कबर मोकळी केली. एकेक भिंगरी वर्तमानपत्रात गुंडाळली, अंडी गुंडाळावीत तशी.

दुसऱ्या दिवशी नेमका आयांचा रविवार. प्रार्थना झाली, पोरांनी आपापल्या आयांना डॅफोडिलचे गुच्छ दिले. पाद्रीबाईंनी एक लोर्नाच्या हातात ठेवला, ती तो घेऊन कबरीकडे गेली. आणि धावतच परत आली गं. "बाबा, जेमाचं सगळं चोरलं कुणीतरी!"

हेडली फाटकापाशी टोपी हातात धरून उभा. "चोरलं नाही. मी उचललं."

"तुम्ही?"

"नियम आहे, लोर्ना. सगळ्यांचंच उचलायचंय. आपलं आधी उचललं, म्हणजे..."

"म्हणजे लोक तुम्हाला चांगलं म्हणतील! आजोबा आहात ना तिचे?" सगळा गाव ऐकत होता. "तिच्या कबरीला पुन्हा हात लावायचा नाही. गवतसुद्धा कापायचं नाही."

हेडली हातातली टोपी तेवढी फिरवत राहिला.

आणि पुढचं ऐक. डॉट पेग बाटली पदराखाली घ्यावी तशी कोटात घेऊन पाद्रीबाईंच्या दारात बसली. "माझ्या नवऱ्याला हात लावून दाखवा!" तिच्या मागे अर्धा गाव. पाद्रीबाई घाबरल्या, कागद काढला. सगळ्यांचं सगळं राहिलं. उघडी पडली ती एकट्या जेमाची कबर.

हेडली सामान घेऊन लोर्नाच्या दारी गेला. तिनं दार उघडलं नाही. पायरीवर ठेवून आला, तर सकाळी ते सगळं याच्या पायरीवर.

तेव्हापासून तो सगळं आवार कापतो, तेवढी जागा सोडून. तिथलं लोर्ना स्वतः कापते. ती फाटकातून आली की हा घंटाघराच्या मागे जाऊन उभा राहतो, ती जाईपर्यंत.

आता छातीच्या दुखण्यानं अंथरूण धरलंय त्यानं. काल कस्टर्ड घेऊन गेले तर म्हणाला, "आयव्ही, पाद्रीबाईंना सांगितलंय. मला एनिडशेजारी नको. मागच्या कुंपणाशी पुरा." अगं, तिथं सुकलेले हार टाकतात!

"डोकं फिरलंय का तुझं?"

"लोर्ना जेमाकडे येते ना. तिला दर वेळी माझं नाव दिसायला नको."

मी खूप बोलले. भिंतीकडे तोंड करून झोपला.

म्हणून म्हणते, लोर्ना तुझ्या दुकानात पाव घ्यायला येते, तिला सांग. बापाला माफ कर असलं काही बोलू नकोस, ते तिचं ती बघेल. एवढंच सांग की तो कुंपणाशी जायला निघालाय, आणि "बाबा, आईजवळच" हे तिनं म्हटल्याशिवाय तो कुणाचं ऐकायचा नाही. आजच सांग गं, उद्यावर टाकू नकोस.