फुलीखालचं कपाट

चित्रकथेच्या पानावर जिथे गडद काळं भरायचं असतं, तिथे मी पेन्सिलने फुली मारून ठेवतो. आज त्या फुल्या बघून मला स्वतःचाच वैताग आला. चित्र तसं साधं आहे. नुकतीच ज्याची बायको वारलीय असा एक म्हातारा खोलीत एकटा बसलाय आणि खिडकीतला उजेड फक्त त्याच्या हातावर पडलाय. बाकी सगळी खोली काळीकुट्ट. आणि त्याच काळ्यात सकाळभर मी काय काढत बसलो? कपाट, कपाटाच्या कड्या, फळीवरचे डबे, दोरीवर वाळत घातलेली साडी!

चहा ठेवता ठेवता हिने पान पाहिलं. "हे सगळं पुसणार?"

"पुसणार नाही, शाईखाली घालणार."

"मग सकाळपासून केलंत काय?"

काय सांगू? मागे एकदा शहाणपणा करून खोली न काढताच थेट काळं भरलं, तर माणूस डांबराच्या पिंपात बसल्यासारखा दिसायला लागला. छापल्यावर कुणाला काय कळतंय, असं मी दर वेळी म्हणतो, पण हात ऐकत नाही. काळोख खरा वाटायला त्याच्या आत आधी घर असावं लागतं.

"ती साडी तरी राहू द्या," ही म्हणाली.

"अगं, ती बाई गेलीय."

"मग काढलीत कशाला?"

"होती म्हणून!" मी खेकसलो.

मी ब्रश शाईत बुडवला आणि साडीपासूनच सुरुवात केली. काठ मात्र शेवटपर्यंत भरवेना.