बाबांचा अबोला

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधेच हसलात तर मी गडबडते, आणि गडबडले की सांगायचं राहून जातं. गोष्ट माझ्याच फजितीची आहे. आत्याला लोधीखेड्याहून बोलावून, तिच्यासमोर मी माझ्या बापावर खटला भरला, त्याची!

आमच्या घरात मला 'दचकी' म्हणतात. मागून कोणी आलं की मी दचकते. मोटारसायकल जवळून गेली तर किंचाळते. सौंसरच्या बस स्टँडवर एकदा ट्रॅक्टर माझ्या मागं उभा होता, ड्रायव्हर म्हणे पाच मिनिटं ओरडून राहिला होता, आणि मी आपली भाजीवालीशी वांग्याचा भाव करत होते. तिच्या हातातल्या बांगड्यांची किणकिण मला ऐकू येत होती, ट्रॅक्टर नाही! लोक म्हणाले, पोट्टी आपल्याच तंद्रीत असते. मलाही तसंच वाटायचं.

बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात आहेत. दिवसभर पंपघरात. तिथं मोटारीच्या आवाजात ओरडल्याशिवाय काही पोचत नाही, म्हणून घरीही त्यांचं बोलणं म्हणजे ओरडणंच. 'मीठ दे' म्हटलं तरी शेजारचे मीठ घेऊन येतील! माझं बालपण त्या आवाजात गेलं. मला तो आवडायचा. तोच तेवढा मला नीट कळायचा, हे मात्र तेव्हा कोणाला ठाऊक?

मागच्या उन्हाळ्यात आई नागपूरला ताईच्या बाळंतपणाला गेली. घरात मी आणि बाबा, दोघंच. मी दोनदा पटवारीच्या, म्हणजे तुमच्या तलाठ्याच्या, परीक्षेत नापास झालेली. क्लासचे सर फळ्याकडं तोंड करून शिकवायचे, सगळे लिहून घ्यायचे, आणि माझी वही कोरी. मी मान मात्र हलवायचे. सर म्हणाले, 'प्रज्ञा, समझ में आया?' की माझं 'हो सर' तयार. मला वाटायचं माझं डोकंच चालत नाही. अशात पांढुर्ण्याच्या एका लहान मुलांच्या शाळेतून मला नोकरीसाठी बोलावणं आलं. बाईंनी सांगितलं, तीन आठवड्यांनी येणाऱ्या गुरुवारपर्यंत कळव, नाहीतर दुसरीला घेऊ.

बाबांना कसं सांगायचं? त्यांना मला पटवारीच करायचं होतं.

त्या संध्याकाळी मी गॅसजवळ उभी होते, हातात दुधाचा गंज, मोठं पातेलं, दूध नुकतं उकळलेलं. बाबा मागून केव्हा आले, काय विचारलं, मला पत्ता नाही. दोनदा विचारून उत्तर नाही म्हटल्यावर ते पंपघराच्या आवाजात गरजले, "फॉर्म भरला का नाही व पटवारीचा?"

मी दचकले. गंज सुटला. सगळं दूध माझ्या उजव्या पायावर!

रडता रडता मी म्हटलं, "नाही भरला! भरणारही नाही! मला पांढुर्ण्याच्या शाळेत जायचं आहे!"

बाबा एकदम पांढरे पडले. बादली ओढली, माझा पाय धरून त्यावर गार पाणी ओतत बसले. बराच वेळ. मग मान खाली घालून बाहेर गेले.

आणि त्या दिवसापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. दुसऱ्या दिवशी पायाला मलम लावलं, तेही मान खाली घालून, मुक्यानंच; पाय बरा आहे म्हणून मी आपली मान हलवली.

म्हणजे, मला तसं वाटलं.

आमच्याकडे अबोला ही साधी गोष्ट नाही, बरं का! माझ्या एका काकांचा अबोला बांधावरून सुरू झाला तो नातवाच्या लग्नापर्यंत चालला. अबोला धरलेल्याला आपण आधी बोलायचं नसतं, मधे माणूस घालावा लागतो. पण मी हट्टानं बोलायचे. "बाबा, भाकर वाढू का?" उत्तर नाही. बाबांची मान ताटात, मिशा तेवढ्या हलल्यासारख्या. मला वाटायचं, घास चावताहेत. मी आणलेली भाकर परत न्यायचे. "बाबा, भाजी?" नाही. भाजीही परत! बाबा हात धुऊन उठायचे, आणि मी आत जाऊन रडायचे की बाप माझ्या हातचं खाईनासा झाला.

चार दिवसांनी आईचा फोन. आईचा आवाज बारीक, कुकरच्या शिट्टीसारखा. फोनवर तिचं एक अक्षर सुटत नाही माझं.

"काय व, बापाच्या समोरचं ताट उचलून नेतं म्हणते तू?"

"तेच बोलत नाहीत माझ्याशी!"

"तो म्हणते, तूच बोलत नाहीस!"

"आई, खोटं आहे ते!"

"मंग मी का नागपुरातून पाहू, कोण बोलून राह्यलं अन कोण नाही? इथं लेकरू रडून राह्यलं, तिथं तुम्ही दोघं. आत्याला बोलाव, अन मिटवा काय ते."

गुरुवार जवळ येत होता. बाबा 'जा' म्हणेनात, 'नको' म्हणेनात. त्यांच्या शब्दाशिवाय मी जाणार नव्हते. घर मोडून शाळा कशाला? शेवटी आत्याला फोन केला.

आत्या रविवारी सकाळच्याच गाडीनं आली. ही बाबांची मोठी बहीण. लोधीखेड्यात दोन भावकींतलं भांडण मिटवायचं असलं की हिला बोलावतात. आली ती पिशवी ठेवायच्या आधीच बाजेवर मधोमध बसली. "बस भाऊ. अन तू चहा मांड. चहा होतेस्तोवर सांग तुहं काय ते."

मी गॅसकडे तोंड करून सुरू झाले. काय बोलले मी! मनात पंधरा दिवस घोकलेलं सगळं. "आत्या, माझा पाय भाजला तरी यांनी एकदा विचारलं नाही. माझ्या हातचं खात नाहीत. मी शाळेत जाऊ म्हटलं, एवढाच माझा गुन्हा? हो म्हणायचं नसेल तर नाही म्हणा! पण बापानं लेकीशी असं मुकं व्हावं?"

बोलून मी थांबले. मागं सगळं शांत. चहाला आधण आलं, मी साखर घातली. तरी शांत. मग आत्याचा हुंदका ऐकू आला. वळून पाहते तर आत्या पदरानं डोळे पुसून राहिली. मला वाटलं, माझ्या दुःखानं पाझरली! मला आणखी जोर चढला.

"पाह्यलं, आत्या? तू एवढी रडतेस, आणि यांच्या तोंडून अजूनही एक शब्द नाही!"

आत्याचा पदर डोळ्यांवरच थांबला.

"व माय! अव पोट्टे, मंग आत्ता कोण बोललं? भिंत बोलली का?"

"कोण बोललं?"

"तुहा बाप! इतकं बोलला व तो! माहं चुकलं म्हणे, पोरीचा पाय माह्या ओरडण्यानं जळला म्हणे, आता उभ्या जन्मात तिच्यावर आवाज चढवणार नाही म्हणे. अन तू साखर टाकून राह्यली!"

मला वाटलं, आत्या भावाची बाजू घेते. आत्याला वाटलं, मी नाटक करते. "थांब," ती म्हणाली. "भिंतीकडं तोंड कर. भाऊ, बोल."

मी भिंतीकडं पाहत उभी. भिंतीवरची पाल चुकचुकली, ती ऐकली.

"काय बोलला?"

"अजून बोललेच नाहीत ना!"

"आता मी काय म्हटलं?"

"आत्ता तू म्हटलं, 'हे तं अजबच झालं.'"

आत्या अगदी कुजबुजली होती.

मग तिनं कपाळाला हात लावला. "डासावाणी बोललं तं ऐकू येते, अन बाप ऐकू येत नाही? असे कसे व कान तुहे?"

मी वळले. बाबा माझ्याकडेच पाहत होते, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, समोरून. या वेळी त्यांचं बोलणं मला कळलं, कसं ते तेव्हा ठाऊक नव्हतं. ते म्हणत होते, "माह्या ओरडण्यानं गेले पोरीचे कान."

माझा खटला तिथंच संपला. चहा उतू गेला, कोणी उठलं नाही.

मंगळवारी बाबांनी रजा टाकली आणि मला घेऊन नागपूरला गेले. तिथल्या कानाच्या मॅडमनी मला काचेच्या खोलीत बसवलं, कानावर मोठे हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. काही वेळ मी टकटक दाबत होते. मग कितीतरी वेळ काहीच नाही. मी बसून राहिले. काचेपलीकडं बाबा उभे होते, टोपी हातात धरून. एवढे लहान ते मला कधीच दिसले नव्हते.

मॅडमनी कागद समोर ठेवला. "जास्ती लोकांचं आधी बारीक आवाजांचं जातं," त्या म्हणाल्या. "पक्षी, घंटी, लहान पोरं. हिचं उलटं आहे. बारीक आवाज छान, जाडे आवाज नाहीत. इंजिन, ढगांचा गडगडाट, पुरुषांचं हळू बोलणं. म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही. घड्याळाची टिकटिक ऐकते म्हटल्यावर बहिरी कोण म्हणेल?"

बाबांनी खालच्या मानेनं काही विचारलं. मॅडम माझ्याकडं तोंड करून, मला दिसेल असं म्हणाल्या, "ओरडण्यानं नाही झालं, काका. लहानपणापासूनच असणार. ही तोंडाकडं पाहून बोलणं समजून घेते, अन हे हिलाही माहीत नाही. तुम्ही ओरडत होता तोवर भागत होतं. तुम्ही हळू झाला, मान खाली घातली, अन हिच्यासाठी गायबच झाला."

मला पाणी मागावं लागलं.

पौर्णिमेला विहारात वंदना होते. मला लहानपणापासून वाटायचं, बाया मोठ्यानं म्हणतात आणि पुरुष मनातल्या मनात. बाबा तिथं पुढं बसतात. मॅडमच्या खोलीत बाबांना विचारलं तर ते म्हणाले, या वेळी तोंड वर करून, "अव, मीच तं म्हणून घेतो सगळ्यांकडून." पंचवीस वर्षांची झाले मी. आणि क्लासचे सर, माझ्या कोऱ्या वह्या, 'डोकं चालत नाही' म्हणून स्वतःला दिलेल्या शिव्या... त्या सगळ्यांचं काय करायचं होतं मी आता?

मॅडम म्हणाल्या, मशीन लावून पाहू, पण या जातीच्या कानाला ते बसवायला वेळ लागतो, पुढच्या महिन्यात या. तोवर उजेडात, समोरून बोला. बाबांनी भीत भीत विचारलं, अशा कानांनी नोकरी होईल का?

"कशाची?"

"लहान पोरांच्या शाळेतली," मी म्हटलं.

मॅडम हसल्या. "मग त्यांच्याएवढं सोपं बोलणं हिला दुसऱ्या कोणाचं नाही."

शेवटची गाडी गाठायची म्हणून ताईकडं जाणं राहिलं. परतीच्या गाडीत जागा मिळाली ती ड्रायव्हरजवळची, इंजिनाच्या झाकणाला लागून. सगळे म्हणतात तिथं इंजिनानं कान फुटतात. मला तर फक्त खिडक्यांच्या काचा वाजताना ऐकू येत होत्या. पण तिथं हळू बोलून भागत नाही ना! सावनेर सुटलं, आणि बाबांना बोलायचं होतं. एकदा बोलले, इंजिनानं गिळलं. मग त्यांनी माझ्याकडं तोंड केलं, श्वास भरला, आणि पंपघराचा आवाज परत आला.

"मी तं दुसऱ्याच दिवशी म्हटलं होतं, जाय म्हणून! तुह्या पायाला मलम लावता लावता म्हटलं! पांढुर्ण्याला जाय! तू मान हलवून राह्यली, अन मंग ताट उचलून नेलं!"

एकेक शब्द ऐकू आला! पंधरा दिवसांचा अबोला, भर गाडीत, सगळ्यांच्या समोर सुटला.

"माह्यावर राग असंल तं बोल! पण भाकर नको नेत जाऊ व, बाई! मी रोज म्हणायचो वाढ, वाढ, अन तू घेऊन पळायची!"

मागच्या सीटवरच्या बाया खो खो हसल्या. कंडक्टर तिकिटं द्यायचा थांबला. एक बाई म्हणाली, "बापाला उपाशी ठेवलं व पोट्टीनं!" माझ्या कानापर्यंत आग गेली. मन इतकं भरून आलं होतं की बाबांचा हात धरून रडावं. आणि तोंडातून काय निघालं असेल?

"हळू बोला ना, बाबा! सगळी गाडी ऐकून राहिली!"

बाबा बिचारे! लेकीनं सांगितलं म्हटल्यावर लगेच आवाज खाली. पुढं काहीतरी बोलले, मिशा हलल्या, भुवया वर गेल्या. काहीतरी विचारत होते, एवढं कळलं. पुन्हा मोठ्यानं विचारा म्हणायची मला लाज वाटली. मी जोरजोरात मान हलवली. "हो बाबा, हो!"

बाबांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं, बरं झालं हो म्हटलं.

घरी आल्याबरोबर बाबांनी अंगणातून आईला फोन लावला, आणि मग तो माझ्या हातात दिला. "शाब्बास व पोरी! बाबा सांगून राह्यले. शाळाही करते, अन सोबत पटवारीचा फॉर्मही भरते म्हणे! त्यांनी विचारलं अन तू एका झटक्यात हो म्हटलं म्हणे!"

मी सध्या पांढुर्ण्याला शिकवते. चाळीस पोरं एकाच वेळी बोलतात आणि मला सगळ्यांचं ऐकू येतं. गाडीत येता-जाता पटवारीचं पुस्तक वाचते, कारण बाबांना खरं सांगायचं कसं? मशीनची जुळवाजुळव अजून चालूच आहे, पुढच्या महिन्यात ते कानाला लागेल. पण न ऐकता हलणारी ही मान आहे ना, तिला काय लावायचं, ते मॅडमना विचारायचं राहिलंच!